पुढे मांडलेले शंख

मोजणीची दोरी बरोबर जागेवर होती. तिच्या दोन्ही टोकांना मी स्वतः ठोकलेले लोखंडी गज होते आणि गजांवर मीच बांधलेली निळी फीत होती. चूक जागेची नव्हती. मी श्वास भरून पुन्हा खाली गेले आणि दोरीच्या कडेकडेनं एकेक कपार बघत निघाले. लहान ट्रोकस होते. मोठे नव्हते.

ट्रोकस म्हणजे भोवऱ्यासारखा जाड शंख, पांढऱ्यावर लालसर पट्टे असलेला. त्याचं मांस खातात, शंख बटणं करणाऱ्यांना विकतात. मोठे ट्रोकस प्रवाळाच्या बाहेरच्या कडेला, लाट फुटते तिथं, खडकाला घट्ट धरून राहतात. मागच्या मोजणीला ते इतके होते की माझाच माझ्या आकड्यावर विश्वास बसेना. मी ती ओळ पुन्हा पोहून मोजली होती.

"सापडले का गं?" वरून सासूबाईंनी विचारलं.

सासूबाई, लेइमाउरी, होडीत बसल्या होत्या. एरवी मला माझा दीर काल्मेट त्याच्या इंजिनाच्या बोटीतून आणतो. आज सकाळी तो म्हणाला इंजिन बिघडलंय. मग सासूबाईंनीच वल्हं घेतलं. गळ मात्र त्यांनी बंद भागाच्या खुणेपलीकडे, खोल पाण्याच्या बाजूला टाकला होता. याबाबतीत त्या काटेकोर.

"लहान आहेत," मी होडीच्या काठाला धरून म्हणाले. "मोठे दिसत नाहीत."

"खोल गेले असतील."

"ट्रोकस खोल जात नाहीत, आई."

"तुला विचारून जातात का?" त्यांनी गळ थोडा ओढून पाहिला. "पाण्यात जास्त वेळ राहू नकोस. ओठ निळे पडलेत."

माझे ओठ निळे पडले नव्हते. पाणी कोमट होतं.

मी आणखी एकदा खाली गेले. चोरानं लुटलेली जागा कशी दिसते ते मला माहीत आहे. घाईत ठेवलेल्या पायांखाली प्रवाळ मोडतो, पहारीच्या खुणा राहतात, दगड उलटे पडलेले असतात. इथं काहीच मोडलेलं नव्हतं. कुणीतरी सावकाश, एकेक शंख हातानं सोडवून नेला होता. खुणेच्या खांबावर नामेलेचं पान बांधलेलं होतं. आमच्याकडे ताडाच्या झावळीसारखं हे पान चीफनं बांधलं की ती जागा बंद. मग तिथं हात घालणाऱ्याला दंड म्हणून डुक्कर द्यावं लागतं आणि तोंड लपवावं लागतं. पान हिरवंगार होतं, नुकतंच बदललेलं. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या. चोर सावकाश काम करत नाही आणि चोर पान बदलत नाही. पण मोठे शंख गेले होते हे त्याहून मोठं होतं, म्हणून बाकीचं मी बाजूला ठेवलं.

परतताना सासूबाई काही बोलल्या नाहीत. एरवी त्या होडीत गप्प बसत नाहीत.

माझं नाव रोलेना. मी या बेटावरची नाही. इथं माझं सासर आहे. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलाय, हंगाम संपला की येईल. मी सुव्याच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकले. म्हणून सरकारचा निधी आमच्या मालावोरा गावाला मिळाला तेव्हा देखरेखीला माझं नाव लागलं. निधी दोन खात्यांचा एकत्र होता. मत्स्य खात्यानं सौरऊर्जेवर चालणारं बर्फघर दिलं, कारण गावानं बाहेरचा प्रवाळ बंद ठेवायचं कबूल केलं. वन खात्यानं मागच्या डोंगरावर लावायला चंदनाची रोपं दिली. आता दुसरा हप्ता यायचा होता: बर्फघराला मोठ्या बॅटऱ्या आणि चंदनाभोवती कुंपण. त्याआधी राजधानीतून, पोर्ट व्हिलाहून, साहेब बघायला येणार होते, आणि त्यांच्यासमोर सही माझी होती.

चोरी झाली असं मी लिहिलं तर करार मोडला. बर्फघर उचलून दुसऱ्या बेटावर जाईल आणि गावातले लोक पुन्हा दुपारपर्यंत मासळी किनाऱ्यावर पडेल त्या भावाला विकतील. लिहिलं नाही तर मी खोटी. आणि चोरी कुणी केली हे शोधायला मला फार लांब जावं लागेल असं वाटत नव्हतं. बोट काल्मेटकडे होती. बर्फघराची किल्लीही काल्मेटकडे होती.

बर्फघर धक्क्यापासून थोडं वर, भिंतीला पांढरा रंग दिलेलं. काल्मेट दारासमोर उलट्या बादलीवर बसून जाळं शिवत होता. दाराला नवं कुलूप होतं.

"ये तावी," तो म्हणाला. दीर-भावजय इथं एकमेकांना तावी म्हणतात आणि एकमेकांची चेष्टा करायला त्यांना मोकळीक असते. काल्मेट ती पुरेपूर वापरतो. "समुद्र मोजून झाला? काही उरलाय का आमच्यासाठी?"

"इंजिनाला काय झालं?"

"रुसलंय. नव्या नवरीसारखं आहे ते, बोलावलं की येत नाही."

"काल दुपारी तर आवाज येत होता."

"काल रुसायचं होतं म्हणून ओरडत होतं." त्यानं गाठीचा दोरा दातानं तोडला. "एवढं ऐकू येतं तुला? शाळेत कानाचंही शिकवलं वाटतं."

"दार उघड. तापमान बघायचंय."

"धुतलंय आतून. ओलं आहे. उद्या बघ."

"मी फक्त काटा बघणार आहे."

"काटा कुठं पळून जात नाही, तावी. ट्रोकससारखे पाय नाहीत त्याला."

मी त्याच्याकडे पाहिलं. ट्रोकसचं मी त्याला काही सांगितलं नव्हतं. सासूबाई माझ्याबरोबरच धक्क्यावर उतरल्या होत्या आणि थेट घरी गेल्या होत्या. त्यानंही आपण काय बोललो ते ओळखलं असावं, कारण तो खाली मान घालून जाळ्यातलं नसलेलं भोक शोधू लागला.

त्याच्या बादलीशेजारी इंधनाचा डबा आडवा पडला होता. मी पायानं हलवला. रिकामा. त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशीसुद्धा बोट गेली नव्हती, मग इंधन गेलं कुठं?

घरी आले तर सैपाकाच्या छपराखाली बायका लापलाप करायला बसल्या होत्या. याम हा कंद किसून, नारळाचं दूध घालून, केळीच्या पानात बांधून तापल्या दगडांखाली पुरायचं. किसणीचा आवाज आणि हसणं दुरूनच ऐकू येत होतं. मी आत पाऊल टाकलं आणि हसणं थांबलं. फक्त किसण्या चालू राहिल्या.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "नारळ खोव."

मी बसले. "कुणाकडे पाहुणे?" मी विचारलं, कारण याम फार होते.

"साहेब येणार ना," एक जण म्हणाली.

"ते परवा येणार."

"मग परवाच्या साहेबाला परवा किसायचं का? तोंडात घालायला उशीर होईल," सासूबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. पण ते माझ्याकडे न बघता हसणं होतं. मी खोवलेला नारळ पातेल्यात टाकत होते आणि एकेकीचे हात बघत होते. दोघींच्या बोटांच्या टोकांना बारीक, ताजे ओरखडे होते. खडकाच्या कपारीत हात घातला की तसे होतात. यामच्या किसणीनंही होतात. दोन्ही शक्य होतं.

शक्य आहे एवढ्यावर मी कुणाला दोषी धरत नाही. पण त्या संध्याकाळी मी प्रत्येकाला धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगरावर गेले. ट्रोकस विकणारा चंदनही सोडणार नाही असं माझं गणित होतं. चंदनाला समुद्रातल्या कशाहूनही जास्त पैसा मिळतो, आणि रोप चोरून दुसऱ्याच्या जमिनीत लावणं या बेटांवर नवं नाही. चढ संपला तिथूनच दिसलं. रांगांमध्ये खड्डे होते. सगळ्यात उंच, सगळ्यात भरलेली रोपं गेली होती. मागं खुरटी राहिली होती. आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी सुबाभळीचं झुडूप तसंच उभं होतं, एका बाजूची मुळं तुटलेलं.

चंदन एकटं जगत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि त्यातून पाणी, क्षार ओढतात. म्हणून आम्ही प्रत्येक रोपाजवळ सुबाभूळ लावली होती. चंदन उपटून नेलं आणि शेजारी मागं ठेवला, तर ते काही दिवसांत मान टाकतं. हे मी लावणीच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

ज्याला विकायचं आहे तो असं उपटणार नाही, हे मला तिथं उभं असताना पहिल्यांदा वाटलं.

उतरताना मी नेहमीची पायवाट सोडून गाडीरस्त्यानं आले. विमान उतरतं त्या गवताच्या पट्टीपासून गावापर्यंत तोच रस्ता आहे. साहेबांची गाडी त्यावरूनच येणार. रस्त्याच्या दोन्ही कडांना, ताज्या मातीत, सारख्या अंतरावर, चंदनाची रोपं उभी होती. प्रत्येकाभोवती पांढरे गोटे मांडले होते. कुणीतरी प्रत्येकाला जास्वंदीचं फूल बांधलं होतं. पानं लोंबत होती. काहींच्या कडा तपकिरी झाल्या होत्या.

मी त्यांच्यामध्ये उभी राहिले. चोरलेली वस्तू कुणी रस्त्यावर फूल बांधून उभी करत नाही.

मग मला नव्या यामचा सण आठवला. त्या दिवशी चर्चसमोर प्रत्येक घर आपला ढीग मांडतं. सगळ्यात मोठे याम पुढे, उभे, फूल बांधून. लहान आणि किडके मागे. बघणाऱ्याला मागे काय आहे ते माहीत असतं, मांडणाऱ्याला ते बघणाऱ्याला माहीत आहे हे माहीत असतं, आणि मागे कुणी डोकावत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मी डोकावले होते. सासूबाईंनी माझा दंड असा धरला होता की वळ उठला.

मी रस्ता सोडून सरळ धक्क्यावर गेले. साहेब जिथून पाण्यात उतरतील तिथं, पायऱ्यांच्या उजवीकडे, चेहऱ्याला काच लावून डोकं बुडवलं.

ते सगळे तिथं होते. बाहेरच्या कडेचे मोठे ट्रोकस, माझे मोजलेले, वाळूवर रांगांत मांडलेले. टोकं वर, पट्टे किनाऱ्याकडे. सगळ्यात मोठे सगळ्यात पुढे.

आमच्या धक्क्याजवळ ओढा समुद्राला मिळतो. तिथलं पाणी अर्धं गोडं, ओहोटीला गरम, तळाला गाळ. ट्रोकसला धरायला खडक हवा आणि फुटणारी लाट हवी. वाळूवर तो आडवा पडला की त्याला उठता येत नाही. रांगांमध्ये मोकळ्या जागा होत्या. कुणीतरी येऊन मेलेले उचलत होतं.

काल्मेट बर्फघरासमोर त्याच बादलीवर होता. मी ओल्या कपड्यांनी त्याच्यासमोर उभी राहिले.

"कुलूप उघड."

"ओलं आहे अजून—"

"मी पायऱ्यांजवळ पाण्यात होते, काल्मेट."

त्यानं जाळं खाली ठेवलं. या वेळी चेष्टा केली नाही. मग गळ्यातली किल्ली काढली.

आत बर्फाच्या पेटीत मासळी नव्हती. पोती होती. मी एका पोत्याचं तोंड सोडलं. गोठलेले ट्रोकस, अख्खे, तोंडाची झाकणं बंद, आत मांस तसंच. एकही उकडलेला नाही. एकही फोडलेला नाही. चोर शंख उकळतो, मांस खातो किंवा विकतो, शंख वाळवून व्यापाऱ्याची वाट बघतो. गोठलेला अख्खा ट्रोकस कुणाच्याही कामाचा नाही.

"हे कशाला ठेवलेत?" मी विचारलं.

"मग काय करायचं? मेले ते."

"खायचे होते. मेले होते तर."

काल्मेटला माझ्या बोलण्याचा धक्का बसला. "पान बांधलेलं आहे, तावी," तो म्हणाला. "बंद प्रवाळातले आहेत. जिवंत असोत नाहीतर मेलेले, खायचे कसे? टाकून दिले तर वास येतो आणि तू नाक घेऊन फिरतेस. चीफ म्हणाले, पान सुटेपर्यंत गारठ्यात ठेव."

"आणि उचलून इथवर आणले तेव्हा पान नव्हतं?"

"चीफनं सोडलं, सगळ्यांनी मिळून आणले, पुन्हा बांधलं. नवं पान. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"आणि तुला वाटलं मी विकले."

मी पोत्याचं तोंड पुन्हा बांधू लागले.

"सांग ना," तो म्हणाला. "वाटलं की नाही?"

"वाटलं."

"बरोबर." तो हसला, पण ते हसू नीट जमलं नाही. "आम्हाला काय वाटलं ते विचार. मला, आईला, सगळ्या गावाला. आम्हाला वाटलं, हिला कळलं तर ही आधी लिहील आणि मग जेवायला येईल."

चीफ तारिमास चर्चच्या बाजूच्या वडाखाली चटईवर बसले होते. ते माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. मी गेले तेव्हा सासूबाईही तिथं होत्या, जणू मी येणार हे माहीत असल्यासारख्या.

"चीफ, आजच ते शंख परत न्यायला हवेत," मी म्हणाले. "आणि रोपंही. आणखी दोन दिवस तसेच राहिले तर निम्मे मरतील."

"उद्या पाहुणा येतोय," चीफ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीच मंद असतो. "पाहुणा येण्याआधी ढीग मोडायचा?"

"साहेब ढीग बघायला येत नाहीत. शंख आपल्या जागी किती आहेत ते बघायला येतात."

"साहेब बूट घालून येतो. तो बाहेरच्या लाटेत जाणार नाही. मागच्या वेळचा साहेब पायऱ्यांवरून वाकून पाहून गेला आणि व्हिलाला जाऊन म्हणाला, मालावोरात काही नाही." त्यांनी हात पसरला. "म्हणून आपण त्याच्या डोळ्यांपुढे आणलं. आपण एकही वाढवला नाही. बाहेरून आणलेला एक तरी शंख आहे का त्यात?"

"नाही."

"मग खोटं कुठं आहे?"

याचं उत्तर मला येत होतं, पण त्यांना पटेल असं नव्हतं. मी म्हणाले, "मी त्यांना बाहेरच्या कडेला नेलं तर तिथं काही दिसणार नाही. त्यांना वाटेल लुटलंय."

"मग नेऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"ते माझं काम आहे, आई."

"काम!" त्या चीफकडे वळल्या. "मी म्हटलं नव्हतं? मुलानं बायको आणली नाही, सरकार आणलं घरात."

चीफनी त्यांना हातानं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू उद्या काय बोलशील, रोलेना?"

मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. ते त्यांनी वेगळ्याच अर्थानं घेतलं असावं. मी उठले तेव्हा कुणीही मला बस म्हणालं नाही. दुपारी माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. शेजारी कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आलेल्या साहेबांचं नाव याप्सन. ते तान्ना बेटाचे, रुंद खांद्यांचे, घामानं शर्ट पाठीला चिकटलेले. गाडीतून उतरताना त्यांनी रस्त्याकडेच्या चंदनाकडे पाहिलं, एका रोपाचं पान बोटांत धरलं आणि सोडलं. गळ्यात फुलांची माळ घालून घेतली, शहाळं प्यायले, प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटले. मग सरळ धक्क्यावर येऊन त्यांनी बूट काढले, विजार गुडघ्यावर गुंडाळली, काच मागितली आणि पायऱ्यांवरून पाण्यात उतरले.

सगळं गाव काठावर उभं होतं. याप्सन बराच वेळ डोकं खाली घालून होते. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

"चीफ," ते मोठ्यांदा म्हणाले, "असे ट्रोकस मी खूप वर्षांत पाहिले नाहीत. तुमच्या गावाचा मान मोठा आहे."

काठावरून सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला. कुणीतरी टाळी वाजवली. चीफनी मान झुकवली. ते शब्द तपासणीचे नव्हते, पाहुण्याचे होते. यामच्या ढिगासमोर उभा राहून पाहुणा जे बोलतो तेच ते, शब्दाला शब्द.

मग याप्सननी माझ्याकडे पाहिलं. पाण्यातून, काच कपाळावर चढवून. "बाई, देखरेख तुमची ना? सही करण्याआधी तुम्हाला काही दाखवायचंय का?"

ते ओळखून विचारत होते की सहज, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. त्यांनी ते चंदनाचं पान सोडलं होतं, त्यावरून ओळखून असं वाटतं. पण लोक माझ्याकडे बघत होते, सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी हो म्हटलं तर बर्फघर जाईल हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"ही पुढची रांग आहे," मी म्हणाले. "मागची बाजू बाहेरच्या कडेला आहे. तिथं आज काही नाही, कारण तिथले सगळे इथं मांडलेत. तुमच्यासाठी. काही मेले. ते आम्ही खाल्ले नाहीत."

चीफनी डोळे मिटून घेतले.

"बाहेर न्या मला," याप्सन म्हणाले.

"इंजिन बिघडलंय," मी म्हणाले.

"नाही बिघडलं," काल्मेट म्हणाला. तो गर्दीतून पुढे आला, माझ्याकडे न बघता बोटीत उतरला आणि पहिल्याच हिसक्यात इंजिन सुरू केलं. "पण आधी तिकडे जा, साहेब." त्यानं गळ्यातली किल्ली काढून याप्सनकडे फेकली. "ते पांढरं घर. आधी ते बघा. मग बाहेर काही दिसलं नाही तरी तुम्हाला चोर सुचणार नाही."

याप्सन बर्फघरात एकटेच गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक गोठलेला ट्रोकस होता. त्यांनी अंगठा त्याच्या बंद झाकणावरून फिरवला.

"एकही खाल्ला नाही?" त्यांनी चीफना विचारलं.

"पान बांधलेलं आहे," चीफ म्हणाले.

याप्सन चीफच्या समोर येऊन उभे राहिले. "माझी आई नव्या यामच्या दिवशी सगळ्यात मोठा याम पुढे उभा करायची. मागचे मी बघायला गेलो की मारायची." त्यांनी शंख काल्मेटला परत दिला. "पण चीफ, यामचं बरं असतं. तो आधीच खणलेला असतो. पुढे ठेवला म्हणून मरत नाही."

चीफनी काल्मेटच्या हातातल्या शंखाकडे पाहिलं. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले होते.

"दुसरा हप्ता आज होणार नाही," याप्सन म्हणाले. काठावर कुजबुज उठली; त्यांनी हात वर केला. "बर्फघर इथंच राहील. चोरी झालेली नाही, तर चोरीचं कलम मी लावू शकत नाही. नव्या यामनंतर मी पुन्हा येईन, बूट न घालता. तेव्हा बाहेरच्या कडेला जाईन आणि डोंगरावर जाईन. रस्त्यानं नाही, मागच्या वाटेनं." मग ते माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "ठेवतील ना हे परत जागेवर? की मी गेलो की कुणाच्या तरी पातेल्यात?"

"ठेवतील."

"खात्री आहे?"

मला राग आला. त्यांचा नाही, त्या प्रश्नाचा. परवा मीही गावावर तोच संशय घेतला होता. "मी मोजेन," मी म्हणाले.

त्यांची गाडी धूळ उडवत गेली. लापलाप तसाच राहिला, केळीच्या पानात, दगडांखाली. भरती चढू लागली होती. चीफ खुणेच्या खांबाकडे निघालेल्या होडीत जाऊन बसले. पान सोडायचं तर त्यांनीच सोडायला हवं होतं. मग बायका पाण्यात उतरल्या आणि रांगा मोडू लागल्या. दोघी-तिघी माझ्या शेजारून गेल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. सासूबाई गुडघाभर पाण्यात थांबल्या. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक मोठा शंख होता.

"कपारीत कसे ठेवायचे?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, शंखांकडे बघून. "टोक आत की बाहेर?"

"टोक बाहेर. तोंड खडकाला. चिकटला की मगच हात काढायचा."

"आणि नाही चिकटला तर?"

"तर मला सांगा."

त्यांनी हुंकार भरला आणि बोटीकडे गेल्या.

काल्मेटनं बर्फघराला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि बोटीत माझ्यासाठी फळीवर जागा केली. शंख पाटीत, ओल्या गोणपाटाखाली. धक्का मागं पडला तसा तो म्हणाला, "साहेबाला काय सांगितलंस? मोजेन म्हणालीस ना?"

"ऐकलंस?"

"तूच एकटी कान शिकलीस का शाळेत?" त्यानं इंजिनाचा वेग कमी केला, खुणेचा खांब जवळ आला होता, चीफ तिथं उभे राहून पान सोडत होते. "मोज, तावी. रोज मोज. पण येण्याआधी एक हाक मारत जा. म्हणजे मोठे पुढे ठेवतो."

तो हसत होता की नाही ते मला उन्हामुळे दिसलं नाही. मी काच डोळ्यांवर ओढली, पाटीतला सगळ्यात मोठा शंख घेतला आणि पाण्यात उतरले.